बर्फावरचं इंग्रजी : मिसिसागातल्या शनिवारच्या वर्गाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५

टोरोंटोजवळच्या मिसिसागात मराठी मंडळींसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग आजपासून सुरू झाला. वाचनालयातली छोटी खोली, दोन तास, भाडं नाही. मंडळी तीन तऱ्हांची आहेत: सुपर व्हिसावर (आई-वडील, आजी-आजोबांसाठीचा लांब मुदतीचा व्हिसा) मुलांकडे आलेले आजी-आजोबा, लग्नानंतर नुकत्याच आलेल्या वहिनी, आणि डोंबिवलीचे एक काका. काकांना गोदामात काम लागलंय, पण सुपरवायझर काय सांगतो ते पहिल्या फटक्यात कळत नाही. वाचता सगळ्यांना येतं, शाळेत इंग्रजी झालेलं आहे. अडतं ते ऐकताना आणि तोंड उघडताना.

इंग्रजी शिकवायला हिवाळी खेळ घ्यायचं कारण साधं. जानेवारी ते मार्च इथे लिफ्टमध्ये, बसस्टॉपवर, नातवंडांच्या शाळेच्या दारात लोक दोनच गोष्टींवर बोलतात, हवामान आणि हॉकी. १९९४ च्या कायद्याने आइस हॉकी हा कॅनडाचा राष्ट्रीय हिवाळी खेळ ठरला आहे. त्या गप्पांत आपल्या माणसाला चार वाक्यं बोलता आली तर तो घरात कोंडून बसत नाही. माझी सगळी धडपड त्यासाठी आहे.

शेजारच्या ब्रॅम्प्टन आणि ओकव्हिलमध्ये असाच वर्ग काढायचं काही जणींच्या मनात आहे, म्हणून दर आठवड्याला लिहून ठेवणार आहे.

आज चित्रांवरून नामं घेतली: पक (हॉकीची चकती), रिंक (स्केटिंगचं बर्फाचं मैदान), टोबॉगन (बर्फावरची घसरगाडी), मिटन्स (हातमोजे), गॉगल्स, झांबोनी (रिंकचा बर्फ नवा करणारी गाडी). रंगीत छपाईला १४ डॉलर गेले. तासाभरात सगळ्यांचं पाठ झालं आणि खोलीत उत्साह होता.

११ जानेवारी

गेल्या वेळचे शब्द जवळपास सगळे आठवले, आणि वाक्य मात्र एकाचंही झालं नाही. 'धिस इज अ पक', पुढे शांतता. नामाकडे बोट दाखवता येतं, तिथे भाषा लागतच नाही. चित्रांचा गठ्ठा बाजूला ठेवला. १४ डॉलर आणि एक शनिवार त्यात गेला.

नवीन नियम असा. आठवड्याला जास्तीत जास्त सहा क्रियापदं. प्रत्येक क्रिया डोळ्यांसमोर करून दाखवता आली पाहिजे. आणि क्रियापद एकटं द्यायचं नाही, त्याच्या शेपटासकट द्यायचं: 'फॉल डाउन', 'फॉल ओव्हर', 'फॉल ऑफ', 'गेट अप', 'होल्ड ऑन'. आपल्या लोकांची गाडी या 'ऑन', 'ऑफ', 'ओव्हर'वर हमखास अडते, कारण शाळेत ते शब्दयोगी अव्यय म्हणून व्याकरणाच्या तासाला येऊन गेलेले असतात.

सुरुवात घसरण्यापासून केली. मराठीत पाय घसरतो, गाडी घसरते, पोरं घसरगुंडीवरून घसरतात. इथे पाय निसटला तर 'स्लिप', मुद्दाम घसरत गेलात तर 'स्लाइड', गाडीची चाकं सुटली तर 'स्किड', स्केटवर सहज तरंगत गेलात तर 'ग्लाइड'. मोजे घालून लादीवर 'स्लाइड' सगळ्यांनी करून पाहिलं. नागपूरच्या काकूंनी विचारलं, "अगं, डॉक्टरकडे गेले तर यातला कोणता सांगू?" 'स्लिप'च, आणि भूतकाळात: 'आय स्लिप्ड ऑन द आइस'. हे वाक्य सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. जानेवारीत ते कधी लागेल सांगता येत नाही.

उरलेल्या वेळात पडायचं आणि उठायचं कसं ते सतरंजीवर केलं. बाजूला पडा, मागे नाही. मग 'रोल ओव्हर', 'गेट ऑन युअर हँड्स अँड नीज', एक पाऊल सपाट टेकवा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर, 'पुश अप'. रिंकवर जायच्या आधी हा सराव हवाच. बर्फावर पडलेल्या माणसाला नवीन शब्द ऐकू येत नाहीत.

१८ जानेवारी

पहिल्यांदा रिंकवर. संक्रांत मंगळवारीच झाली होती, साताऱ्याच्या आजींनी तिळगूळ आणला. भाड्याचे स्केट्स आणि हेल्मेट मिळून माणशी १५ डॉलर.

बर्फावर जेमतेम अर्धा तास मिळाला, कारण नाड्या बांधण्यातच वेळ गेला. पण आजचा सगळ्यात चांगला धडा त्या बाकावरच झाला. स्केटची नाडी तीन ठिकाणी तीन तऱ्हेने ओढायची असते. बोटांपाशी थोडी ढिली, 'लूज', म्हणजे बोटं हलतात. मधे पावलाच्या चढावर 'स्नग', म्हणजे चहूबाजूंनी टेकलेली पण टोचत नाही अशी. घोट्यापाशी 'टाइट', नाहीतर घोटा आत कलतो आणि माणूस उभाच राहू शकत नाही. बांधून झाल्यावर टाच उचलून पाहायची. टाच आतल्या आत वर येत असेल तर सगळं सोडून परत. 'माय हील इज लिफ्टिंग', 'इट्स टू लूज हिअर', 'कॅन यू पुल इट टाइटर?' ही वाक्यं मी शिकवायला बसले नव्हते. भाड्याच्या खिडकीवरच्या मुलीशी बोलताना ती गरजेपोटी आली, आणि ज्याने एकदा म्हटलं त्याने पुन्हा विचारलं नाही.

बर्फावर सगळ्यांचं एकच झालं. 'बेंड युअर नीज' ऐकलं की आपली माणसं कमरेतून वाकतात. कंबर वाकली की डोकं पुढे, तोल गेला. तेव्हा कमरेवर हात ठेवून दाखवलं: 'नॉट ॲट द वेस्ट'. उकिडवं बसायला निघाल्यासारखं करून अर्ध्यात थांबायचं, असं सांगितल्यावर साधलं. 'बेंड' आणि 'लीन' यांतला फरकही तिथेच पायांना कळला.

ज्यांचे गुडघे दुखतात ते काचेपलीकडे बसून होते आणि कंटाळले. आधाराच्या चौकटी मागितल्या, पण आमच्या रिंकवर त्या फक्त लहान मुलांना देतात. पुढच्या खेपेला बसणाऱ्यांना काम द्यायचं.

२५ जानेवारी

बसणाऱ्यांना सूचनांची कार्डं दिली. पांढरा जाड कागद, काळं मार्कर, खर्च ६ डॉलर. 'लुक अप!', 'आर्म्स आउट इन फ्रंट!', 'शॉर्ट स्टेप्स!', 'पुश अँड ग्लाइड!', 'होल्ड ऑन टू द बोर्ड्स!' कठड्यापाशी उभं राहून बर्फावरच्या माणसाकडे बघायचं आणि त्या क्षणी लागू पडेल तेच कार्ड ओरडायचं. वाचून दाखवणं आणि योग्य वेळी योग्य ते ओरडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साताऱ्याचे आजोबा अर्ध्या तासात कार्डं न बघता बोलू लागले. घरी सूनबाईशीही इंग्रजी बोलायला संकोचणारे आजोबा!

रिंकच्या दारावरची पाटीही वाचून घेतली. सगळे एकाच दिशेने, घड्याळाच्या उलट फिरतात, त्याची सूचना. बर्फ नवा करायला दर थोड्या वेळाने रिंक रिकामा करतात, त्याची सूचना. 'ॲट युअर ओन रिस्क'. सहीच्या कागदावरचा 'वेव्हर' शब्द जरा वेळ घेऊन समजावला. आपण नुकसानभरपाईचा हक्क सोडतोय, हे कळल्याशिवाय कोणी सही करू नये असं मला मनापासून वाटतं. सह्या गेल्या शनिवारीच झाल्या होत्या. नवीन वर्ग काढणाऱ्यांनी हा कागद आदल्या आठवड्यात वर्गात आणावा.

१ फेब्रुवारी

थंडी फार होती, म्हणून खोलीतच हॉकीचा सामना लावला. समालोचनावरून शब्द टिपायचे असं ठरवलं होतं. अजिबात जमलं नाही. पक डोळ्यांना दिसत नाही, समालोचक श्वास घेत नाही, आणि निम्मं बोलणं म्हणजे खेळाडूंची आडनावं. वेग कमी करून लावलं तर आवाज विचित्र येतो. पाऊण तास वाया गेला.

बदलापूरच्या वहिनींनी मार्ग काढला. त्यांच्या इमारतीत पंजाबी कुटुंबं खूप. टीव्हीवरचा हॉकीचा कार्यक्रम 'हॉकी नाइट' पंजाबीतही असतो, २००८ पासून. पंजाबी आपल्याला हिंदीच्या आधाराने निम्मीअधिक कळते. पकला तिथे टिक्की म्हणतात. आधी एक तुकडा पंजाबीत ऐकला, खेळ समजला. मग तोच खेळ इंग्रजीत. कान लगेच सैल झाले. तरीही वाक्यं हाती लागली नाहीत, शब्दच लागले. समालोचन हे सुरुवातीचं साधन नाही, असं माझं ठाम मत झालंय.

'हॅट्ट्रिक' ऐकून काका म्हणाले, "हा तर आपला शब्द." खरंच क्रिकेटचाच आहे, १८५८ मधल्या इंग्लंडातल्या सामन्यापासूनचा. इथे एका खेळाडूने तीन गोल केले की प्रेक्षक टोप्या बर्फावर फेकतात.

८ फेब्रुवारी

समालोचनाचा आवाज बंद केला आणि फक्त पंचाकडे बघायचं ठरवलं. आजचा तास उत्तम गेला.

क्रिकेटच्या अंपायरच्या खुणा आपल्या प्रत्येक घरात माहीत असतात, त्यामुळे पंचाच्या हाताकडे बघायची सवय आयती होती. हॉकीत दंड झाला की पंच गुन्ह्याची नक्कल करून दाखवतो. दोन्ही हातांनी काहीतरी आपल्याकडे ओढल्यासारखं केलं की 'हुकिंग', काठीने अडकवलं. गुडघ्याखालून हात फिरवला की 'ट्रिपिंग', पाय अडकवून पाडलं. स्वतःचंच मनगट धरलं की 'होल्डिंग'. एका हाताने दुसऱ्या हातावर वार केल्यासारखं केलं की 'स्लॅशिंग'. दोन मुठी एकावर एक धरल्या की 'हाय-स्टिकिंग'. साध्या गुन्ह्याला २ मिनिटं बाहेर, मोठ्याला ५. तेवढा वेळ पेनल्टी बॉक्समध्ये बसायचं.

एकाने खूण करायची, बाकीच्यांनी पूर्ण वाक्यात सांगायचं: 'ही हुक्ड हिम', 'शी ट्रिप्ड मी'. इथे कर्ता, कर्म आणि भूतकाळ असं सगळं एकदम येतं, आणि कोणालाही ते व्याकरण वाटत नाही. काकांनी पुढे स्वतःहून जोडलं, 'आय ट्रिप्ड ओव्हर द पॅलेट'. गोदामातलं वाक्य! त्यांच्याकडे तसं घडलं होतं आणि तेव्हा त्यांना सांगता आलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी

वर्ग रद्द. या आठवड्यात टोरोंटोच्या परिसरात दोन वादळं लागोपाठ आली आणि रस्त्याच्या कडेला कमरेएवढे ढीग लागलेत. वाचनालयाने खोली बंद असल्याचं ऐनवेळी कळवलं, दोघेजण बसने निघालेही होते. हिवाळ्यात वर्ग घेणाऱ्यांनी आदल्या रात्री निर्णय घेऊन टाकावा, सकाळची वाट बघू नये.

फोनवर अर्धा तास घेतला. हवामानाच्या इशाऱ्यातले शब्द: 'फ्लरीज' म्हणजे भुरभुर, 'स्क्वॉल' म्हणजे समोरचं दिसेनासं करणारा झोत, 'फ्रीझिंग रेन', 'विंड चिल'. आणि बर्फ उपसण्याचे: 'शॉव्हल', 'क्लिअर', 'स्प्रेड सॉल्ट'. नांगर फिरून गेल्यावर आपल्या दारासमोर जो कडक बांध उभा राहतो त्याला 'विंड्रो' म्हणतात. हा शब्द वहिनींना शेजाऱ्याने शिकवला, त्यांनी सगळ्यांना.

रात्री मॉन्ट्रियलला चार देशांच्या हॉकी स्पर्धेतला कॅनडा-अमेरिका सामना झाला. पहिल्या ९ सेकंदांत तीन मारामाऱ्या. 'ड्रॉप द ग्लव्हज' शिकवायची गरजच राहिली नाही, खेळाडूंनी हातमोजे टाकताना सगळ्या घरांनी पाहिलं.

२२ फेब्रुवारी

त्याच स्पर्धेच्या परवाच्या अंतिम सामन्यात कॅनडाने अमेरिकेला ३–२ हरवलं, जादा वेळेत मॅकडेव्हिडचा गोल. वर्गात येताना प्रत्येक जण कोणा ना कोणाशी त्यावर बोलून आला होता. वहिनी बसमध्ये, काका गोदामात. 'डिड यू वॉच द गेम?' या एका प्रश्नाला उत्तर देता येणं ही फार मोठी गोष्ट आहे.

आज कर्लिंग लावलं, म्हणजे बर्फावरून दगड सरकवून आखलेल्या वर्तुळात थांबवायचा खेळ. थंडर बे इथे महिलांची राष्ट्रीय स्पर्धा चालू आहे. हा खेळ अगदी सुरुवातीलाच घ्यायला हवा, असं नवीन वर्गांना माझं सांगणं राहील. खेळाडूंच्या अंगावर मायक्रोफोन असतात, त्यामुळे त्यांचं आपसातलं बोलणं थेट ऐकू येतं. जवळजवळ २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड हलके सोडला की तो वीसेक सेकंद बर्फावरून जात राहतो, आणि तेवढा वेळ सगळे त्याच्याविषयीच बोलतात. कप्तान ओरडतो 'स्वीप!' आणि झाडू चालू होतात. 'हरी! हार्ड!' म्हटलं की जोरात. 'व्होआ!' की थांबतात. शब्द, मग कृती, मग परिणाम, सगळं डोळ्यांदेखत आणि सावकाश. 'हरी' आजींच्या तोंडी रोजचाच, तो एकदाच सांगावा लागला.

एक जपायचं. कर्लिंगमध्ये दगड 'हेवी' म्हणजे फार वेगाने सोडलेला आणि 'लाइट' म्हणजे कमी पडणारा. दगडांचं वजन सारखंच असतं. हा अर्थ मैदानापुरता आहे, तो बाहेर न्यायचा नाही, हे लगेच सांगून टाकावं.

१ मार्च

कर्लिंग क्लबमध्ये शिकाऊ सत्र, माणशी २५ डॉलर, झाडू आणि दगड क्लबचे.

पहिली वीस मिनिटं दारातच गेली. बाहेरचे बूट बर्फावर चालत नाहीत. रस्त्यावरचं मीठ आणि खडी बर्फ खराब करते. कर्लिंगचा बर्फ गुळगुळीत नसतो, त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक दाणे गोठवलेले असतात, आणि दगड त्या दाण्यांवरून जातो. झाडूने घासलं की घर्षण कमी होतं आणि दगड लांब आणि सरळ जातो. चौघांकडे स्वच्छ बूट नव्हते, क्लबमधल्या आजींनी कपाटातून शोधून दिले. सोबत धुतलेले कॅनव्हासचे बूट घेऊन जा, हे जाड अक्षरात लिहून ठेवावं.

मग पायांत दोन गोष्टी आल्या. एका बुटाखाली 'स्लायडर', गुळगुळीत चकती. दुसऱ्याखाली 'ग्रिपर', रबर. एक पाय घसरण्यासाठी, दुसरा धरून ठेवण्यासाठी. नागपूरच्या काकूंनी ग्रिपरचा पाय आपटून म्हटलं, 'धिस वन ग्रिप्स', मग दुसरा पुढे सरकवून, 'धिस वन स्लाइड्स'. जानेवारीतला 'स्लिप' आणि 'स्लाइड'चा गोंधळ तिथे कायमचा मिटला.

साताऱ्याच्या आजोबांना गुडघे टेकवता येत नाहीत. त्यांच्यासाठी लांब दांडी असते, ती दगडाच्या मुठीला अडकवून उभ्याने ढकलायचा. नियमात बसतं, आणि इथले पुष्कळ ज्येष्ठ तसंच खेळतात. त्यांचा एक दगड वर्तुळात मधोमध जाऊन थांबला. पलीकडच्या संघातले एक गृहस्थ म्हणाले, 'ग्रेट शॉट.' आजोबा म्हणाले, 'थँक यू. यू स्वेप्ट वेल टू.' भूतकाळाचं रूप अचूक. मला भरून आलं.

पण खरी कमाई खेळानंतर झाली. कर्लिंगमध्ये सुरुवातीला हात मिळवून 'गुड कर्लिंग' म्हणतात आणि शेवटी दोन्ही संघ एकाच टेबलाभोवती बसतात, जिंकलेले हरलेल्यांना काहीतरी पाजतात. चहा-कॉफी घेऊन आमची मंडळी अनोळखी कॅनेडियन आजी-आजोबांबरोबर बसली. बोलायला विषय समोरच होता: कोणाचा दगड कुठे गेला, कोण घसरलं, कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. 'नी' पासून सुरू होऊन गप्पा नातवंडांपर्यंत गेल्या. मी मुद्दाम दूर बसले. कोणी मदतीसाठी हाक मारली नाही.

८ मार्च

स्कीइंगचा विचार सोडून दिला. तिकीट, भाड्याचं सामान आणि शिकवणी मिळून माणशी शंभर डॉलरच्या वर जातं, शिवाय दोन तासांचा रस्ता. त्याऐवजी एका स्की केंद्राचा उताराचा नकाशा छापून दिशा विचारण्याचा सराव घेतला. हिरवं वर्तुळ सोपा उतार, निळा चौकोन मधला, काळा हिरा अवघड. फुकटात झालं. बरं झालं, पण बर्फावरच्या तासांची सर नाही.

वाक्प्रचारांचाही प्रयत्न केला आणि अर्ध्यात थांबवला. एकदम दहा दिले तर एकही राहत नाही. ज्यांनी ते प्रत्यक्ष ऐकले होते तेच ठेवले: काकांच्या गोदामात 'वुइ आर स्नोड अंडर', म्हणजे कामाखाली गाडले गेलोय, आणि वहिनींच्या मुलाखतीतला 'टू ब्रेक द आइस', म्हणजे सुरुवातीचा संकोच मोडणं.

वहिनी बुटाच्या दुकानात 'इट्स अ बिट स्नग' म्हणाल्या, दुकानदाराने न विचारता मोठं माप आणून दिलं.

२२ मार्च

हिशेब, पुढच्यांसाठी. खोली ०. चित्रं १४ डॉलर, करू नका. कार्डं ६. रिंक माणशी १५ दर खेपेला. स्वतःचे जुने स्केट्स घेतले तर दोन-तीन खेपांत वसूल होतात. कर्लिंग माणशी २५, आणि मला यातला एकच खर्च परवडणार असता तर मी हाच केला असता.

क्रम बदलायचा: पहिल्या शनिवारी पडणं-उठणं, दुसऱ्या शनिवारी कर्लिंगचं चित्रण मायक्रोफोनसकट, मग क्लब, मग रिंक, पंचाच्या खुणा फेब्रुवारीत. समालोचन सगळ्यात शेवटी, तेही आधी पंजाबीत.

ओकव्हिलच्या ताईंना कार्डांचा गठ्ठा काल दिला. क्लबची शिकाऊ सत्रं हिवाळ्याच्या तोंडावर भरून जातात, तेव्हा त्यांनी सप्टेंबरातच फोन करावा आणि दांडीवाले किती जण असतील ते आधी सांगावं.